घरातील मंडळींना गप्प बसण्यास सांगावे

दुपारची जेवणं झालीत, भांडी तशीच मोरीत पडलीत, आणि मी ओसरीवरच्या खाटेवर आडवी झालेय. नुसती पाठ टेकायची म्हणून. झोपायचं नाही असं ठरवून जी झोप लागते, तिच्याइतकी गोड झोप दुसरी नाही. डोळे मिटलेत, पण कान अजून जागे आहेत. आतल्या खोलीत आमचे हे फोनवर बोलतायत. यांची सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली, त्यामुळे फोन कानाला लावलेला असला तरी मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानंच बोलतात. अंगणाच्या कडेला, जांभळीखाली माझ्या मधाच्या पेट्या. जांभळी फुललीय, त्यामुळे माशांना आज जेवायची सुटी नाही. त्यांचा गुंगाट आणि यांचं "हॅलो, हॅलो, आता येतंय का?" एकात एक मिसळत चाललंय.

पोटावर पुस्तक उपडं पडलंय. हातात तांबडी पेन्सिल.

पुस्तकाचं नाव 'मधपेटीची निगा'. लिहिणारे आमच्याच खोऱ्यातल्या हायस्कुलातले शास्त्राचे शिक्षक, कळंबे मास्तर. गेल्या दिवाळीच्या आधी वारले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढं जे काही शिकले ते या एका पुस्तकाच्या जोरावर. या डोंगरावर नांदायला आले तेव्हा सासऱ्यांनी कुठूनशी एक रिकामी मधपेटी आणून ठेवली होती, तिच्यात कोंबडी अंडी घालायची. हे पुस्तक आठवडी बाजारात भज्यांच्या गाड्यावर रद्दीत मिळालं, पहिली दोन पानं भज्यांना गेलेली. उरलेलं मी तोंडपाठ केलं, कोंबडीला हाकललं आणि माशा पाळल्या. शिकवायला माणूस कोणी नव्हताच. पुस्तक म्हणेल ती पूर्व दिशा.

आता मास्तरांची मुलगी हेमलता त्याची नवी आवृत्ती काढतेय. परवा साताऱ्याहून आली, पुस्तक आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "शालनताई, तुम्ही इतकी वर्षं माशा ठेवताय. प्रत्यक्षात जे होत नाही ते सरळ खोडून टाका. मी दोन-तीन दिवसांत न्यायला येते." आणि चप्पल घालता घालता सहज बोलून गेली, "आमच्या बाबांनी जन्मात कधी पेटी उघडली नव्हती. ठाऊक असेलच तुम्हाला. सगळं वाचून वाचून लिहिलेलं."

मला ठाऊक नव्हतं.

ज्यानं पोहायला शिकवलं तो माणूस आयुष्यभर काठावरच बसून होता, हे मधल्या धारेत पोचल्यावर कोणी सांगावं, तसं झालं. बुडत नाही आपण. पण पायाखाली काय आहे ते एकदा चाचपून बघावंसं वाटतं.

बारीकसारीक खोडाखोड झाली. पेन्सिल अडली ती एकाच ठिकाणी. वसाहत फुटायच्या, म्हणजे निम्म्या माशा वेगळं बिऱ्हाड करायला उडून जायच्या दिवसांविषयी मास्तर लिहितात: 'नव्या राणीचा आवाज पेटीला कान लावून ऐकता येतो. त्या वेळी घरातील मंडळींना गप्प बसण्यास सांगावे.'

मी दर वर्षी कान लावलाय. गुंगाट ऐकू येतो, दुसरं काही नाही. आणि घरातली मंडळी मध्येच कुठून आली? पेटी जांभळीखाली, मंडळी घरात. त्यांना गप्प बसवून काय मिळणार? सगळ्या पुस्तकात हे एकच वाक्य असं आहे की वाचताना वाटावं, मास्तरांनी हे मनानं रचलंय. खोडलं तर एका रेघेचं काम. पण ही रेघ मारली की मास्तर माझ्यापुरते दुसऱ्यांदा जाणार. आणि नाही मारली, तर एखादी नवी मुलगी माझ्यासारखीच वर्षानुवर्षं पेटीला कान लावून बसणार.

उद्या सकाळी हेमलता येतेय.

पेन्सिल बोटांतून सुटते. ती पडल्याचा आवाज येत नाही.

मास्तर फाटकाशी उभे आहेत.

पांढरी टोपी, काखेत छत्री, आणि फाटकाच्या बाहेर. जिवंतपणीही असेच उभे राहायचे. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर फिरायला म्हणून इकडं चढून यायचे आणि फाटकावर हात ठेवून विचारायचे. आत या म्हटलं तर कधी आले नाहीत, पाणीसुद्धा बाहेरच प्यायचे. मला वाटायचं, मोठा माणूस, लिहिणारा माणूस, आपल्या शेणामातीच्या अंगणात कशाला येईल.

"काय म्हणतायत माशा?" मास्तर विचारतात.

मी खाटेवरून उठून पदर सारखा करते. मेलेल्या माणसापुढंही पदर सारखा होतोच. आणि नेहमीसारखी हात जोडून सुरू होते, "वसाहत सशक्त असून राणी नियमितपणे अंडी घालीत आहे. परागाचा साठा समाधानकारक—"

"पुरे," मास्तर कपाळाला हात लावतात. "शालन, अगं हे माझंच आहे."

"हो. तुमचंच."

"मी एवढा डोंगर चढून यायचो. गुडघे कुरकुरायचे. विचारायचो, माशा काय म्हणतायत. आणि तू मला माझंच पान म्हणून दाखवायचीस."

"तुम्ही परीक्षा घ्यायचा ना!"

"परीक्षा?" मास्तरांच्या हातातली छत्री खाली येते. "मी विचारायचो गं. मला माहीत नव्हतं म्हणून विचारायचो."

इतकी वर्षं फाटकाच्या आत एक बाई पाठांतर म्हणतेय आणि बाहेर एक मास्तर उत्तराची वाट बघतोय. आणि उत्तर म्हणून दर वेळी त्यांचं त्यांनाच परत मिळतंय, शुद्धलेखनासकट.

"मग स्पष्ट विचारायचं की हो," मी म्हणते.

"काय विचारणार? 'बाई, मी जे छापलंय ते खरं आहे का?' असं?" मास्तर हसतात. हसताना त्यांचे दात फार चांगले दिसतात. जिवंतपणी कवळी होती. "आता विचारतो. चल, वर्गात."

फाटक उघडतं आणि तो हायस्कुलाचा वर्ग आहे. जांभळाची फुलं बाकांवर पडलीत. बाकांच्या फळ्या म्हणजे मधपेट्यांची झाकणं आहेत, खालून ऊब येतेय. मी सातवीच्या पुढं कधी गेले नाही, त्यामुळे हा वर्ग मी पहिल्यांदाच बघतेय. मास्तर पहिल्या बाकावर जाऊन बसतात, टोपी मांडीवर ठेवतात. फळ्यापुढं फक्त मी उरते.

"शिकव," मास्तर म्हणतात.

"मला काय येतंय? मला पुस्तकातलं तेवढं येतं."

"पुस्तकातलं मलाही येतं. दुसरं सांग."

दुसरं म्हणजे काय? दुसरं कधी कोणी विचारलंच नाही. हातात खडू नाही, तांबडी पेन्सिल आहे. ती फळ्यावर उमटत नाही.

"पेटी उघडताना पांढरे कपडे घालावेत, असं तुम्ही लिहिलंय," मी चाचरत सुरू करते. "मी आमच्या ह्यांचा जुना खाकी शर्ट घालते. माशांना आता त्याची सवय झालीय. एकदा पांढरा घातला तर त्यांना वाटलं कोणी पाहुणी आली. चांगलाच पाहुणचार केला."

मास्तर खुदकन हसतात. "पुढं."

"झाकणावर टिचकी मारली की सगळ्या मिळून एकदम 'श्श' करतात. एकजात. कीर्तन चालू असताना मागं कोणी कुजबुजलं की म्हाताऱ्या बायका करतात ना, तसं. आणि एका कडेनं सुरू होऊन दुसऱ्या कडेला जातं ते. वाऱ्यानं गवत वाकावं तसं."

"श्श करतात?"

"रागावून नाही. गप्प करायला."

"हे मी कुठंच वाचलं नाही," मास्तर म्हणतात, आणि त्यांचा आवाज बारीक झालेला असतो. "पुढं सांग, शालन."

"डंख बसला की पिकल्या केळ्यासारखा वास येतो."

"कशाचा?"

"केळ्याचा. अगदी सत्यनारायणाच्या प्रसादासारखा. तो वास आला की समजायचं, आता बाकीच्यांनाही आमंत्रण गेलंय. झाकण लावायचं आणि घरात पळायचं."

मास्तर बाकावर बुक्की मारतात. आनंदानं. खालून शेकडो माशा 'श्श' करतात आणि मास्तर हात छातीशी घेऊन निश्चल बसतात. पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोराची असते तशी भीती आणि हौस एकाच तोंडावर.

"थंडीत पेटी उघडू नये असं मी लिहिलंय," ते हळूच म्हणतात. "तेवढं तरी बरोबर आहे ना?"

"उघडत नाही. नुसता तळवा ठेवते वर. ताप आलेल्या लेकराच्या पाठीसारखी ऊब लागते. बाहेर दहिवरानं गवत पांढरं झालेलं, आणि आत त्या एकमेकींना धरून बसलेल्या. पेटीत काय चाललंय ते सगळं तळव्याला कळतं. पण तळव्याला जे कळतं ते लिहायचं कसं, ते मला येत नाही, मास्तर."

मास्तरांच्या मांडीवरची टोपी हळूहळू वर-खाली होतेय, जणू तिच्याखालीही कोणी श्वास घेतंय.

मग मलाच वाईट वाटतं. माणूस एवढ्या लांबून आला, आणि मी त्याच्या पुस्तकात नसलेलंच त्याला ऐकवत बसलेय. मी म्हणते, "पण नाचाचं तुम्ही लिहिलंत म्हणून मला दिसलं हं."

"कुठला नाच?"

"सूर्य कुठल्या अंगाला आहे आणि फुलं कुठल्या अंगाला, ते माशी पोळ्यावर नाचून दुसऱ्यांना सांगते, असं लिहिलंय ना तुम्ही. त्याच्या आधीही मी ते शंभरदा बघितलं असेल. मला वाटायचं, वळवळतेय कशी बया, अंगात आल्यासारखी. तुमचं पान वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीतली पोळ्याची चौकट उचलली, तर ती बोलत होती. हिरड्याच्या रानाकडं चला म्हणत होती. मी गेले की हो तिनं सांगितलेल्या वाटेनं! टेकाडाच्या पलीकडं हिरडा नुसता फुलांनी लगडला होता. मी तिथंच खाली बसले."

मास्तर उभे राहतात.

"म्हणजे आहे ते?" ते विचारतात. "नाचतात?"

"नाचतात, मास्तर."

"खरंच?"

"देवाशप्पथ."

त्यांनी ते पान किती वर्षांपूर्वी लिहिलं. किती जणींनी वाचलं. आणि लिहिणारा माणूस मेल्यावर, टोपी हातात धरून, ते खरं आहे हे ऐकतोय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि ते पुसायचं त्यांना सुचत नाही. मलाही सुचत नाही. वर्गात फुलं पडतायत.

बाक हलायला लागतात.

"पुढं सरका, पुढं सरका, राणीला जागा द्या," आमचे हे खांद्याला तिकिटाची पिशवी लावून येतायत. वर्ग म्हणजे एस.टी. आहे, आणि ती घाटातून खाली उतरतेय. खिडकीबाहेर सगळा डोंगर कारवीनं निळा-जांभळा झालाय. कारवी कित्येक वर्षांतून एकदा फुलते, आणि हा तिचा हंगामही नाही, पण एस.टी.तल्या कोणालाच त्याचं काही वाटत नाही. मास्तर खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी.

"कुठलं देऊ?" हे मास्तरांना विचारतात.

"घरचं," मास्तर म्हणतात.

"त्यांना तिकीट लागत नाही," मी यांना दटावते. "ते वारलेत."

"मग मोठ्यानं बोल की, मला वाटलं पास आहे," हे म्हणतात आणि मागं निघून जातात.

गाडी वळणं घेत राहते. एवढा निवांत मेलेला माणूस शेजारी बसलाय म्हटल्यावर, सगळ्यांच्या मनात असतं ते मी विचारून घेते. "मास्तर, मेल्यावरचं जे सगळं पोथ्यांत लिहिलंय... तसंच आहे का हो?"

मास्तर कारवीकडं बघतात.

"लिहिणाऱ्यांनी पेटी उघडलेली नव्हती," ते म्हणतात.

"म्हणजे खोटं आहे?"

"असं कुठं म्हटलं मी? तुझं नाचाचं झालं ना, तसं. लिहिलेलं खरं निघतं. पण लिहिताना जेवढं वाटलेलं असतं ना..." ते दोन्ही हात पसरतात. खिडकीपासून खिडकीपर्यंत. मग तेवढंही पुरेना म्हणून हात तसेच हवेत राहतात.

मला थंडी वाजते. भीतीची नाही. मोठ्या देवळात पहिल्यांदा शिरताना वाजते तशी.

आता उशीर करण्यात अर्थ नाही. मी पेन्सिल पुढं करते. "ते राणीच्या आवाजाचं वाक्य. उद्या हेमलता येणार आहे. ते तुम्ही कुठून घेतलंत? कुठल्या पुस्तकातून?"

मास्तर चमकून माझ्याकडं बघतात. "ते खोडतेयस?"

"मला कधी ऐकू आलं नाही."

"शालन," मास्तर म्हणतात, "त्या अख्ख्या पुस्तकात पुस्तकातून न घेतलेलं तेवढंच आहे."

गाडी थांबते. समोर स्वयंपाकघर आहे.

चुलीत लाकडं धुमसतायत. भिंत मातीची, हातभर रुंद, शेणानं सारवलेली. चुलीच्या बाजूच्या भिंतीत कोनाडा आहे आणि त्याच्या तोंडाला फळी लावून कडा लिंपून घेतल्यात. मी अशा भिंती बघितल्या नाहीत, पण सासूबाई सांगायच्या, पूर्वी आमच्या डोंगरात माशा पेटीत नाही, घरात राहायच्या. भिंतीला बाहेरून बारीक भोक, आत कोनाड्यात पोळं. एका अंगाला माणसांचा संसार, दुसऱ्या अंगाला त्यांचा.

भिंतीशी घोंगडीवर मास्तर निजलेत. टोपी, छत्री सगळं तसंच, वयही तेच, पण कपाळावर ओल्या फडक्याची घडी आहे आणि गाल भिंतीला लावलेला. चुलीपुढं त्यांची आई बसलीय, आणि ती माझ्याहून तरुण आहे.

"ताप आला की मी इथं निजायचो," मास्तर पडल्या पडल्या सांगतात. "भिंत गार. आणि आतून गुणगुण. आई म्हणायची, त्यांच्याजवळ नीज, त्या जागं राहत्यात रातभर. त्याच उन्हाळ्यात मानेला एक माशी चावली. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, मी निळा पडलो. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी कोनाडा फोडून पोळं काढलं आणि भोक बुजवून टाकलं. वैद्यांनी सांगितलं, हा पुन्हा माशीजवळ गेला तर हातचा जाईल."

"म्हणून तुम्ही फाटकाच्या आत यायचा नाहीत."

"तुला काय वाटायचं?"

मला जे वाटायचं ते मी सांगत नाही. "मग काय केलंत?"

"मग काय," मास्तर म्हणतात. "वाचत बसलो."

घरात माणसं खूप आहेत. कोणी भांडतंय, कोणी जेवायला मागतंय, एस.टी.तले उतारू दाराशी चपला काढतायत, आमचे हे मधोमध उभे राहून मोठ्यानं सुटे विचारतायत. आणि चुलीपुढची बाई एकदम हातातली फुंकणी वर करते.

"गप बसा रं समदी! रानी बोलतीया."

एवढं म्हटल्याबरोबर घर थांबतं. भाकरीवरचा हात भाकरीवर. घास घेतलेलं तोंड तसंच उघडं. आमचे हे, ज्यांना मी उभ्या आयुष्यात गप्प बसलेलं बघितलं नाही, ओठांवर बोट ठेवून उभे आहेत.

"ये," मास्तर म्हणतात आणि भिंतीशी सरकून जागा करतात. "कान लाव."

मी गुडघ्यावर बसते. गाल टेकवते. भिंत गार नाही, गरम आहे. शेणाचा पोत नाही, बारीक तार आहे. माझ्याच पेटीच्या झाकणाखालची, हवेसाठी ठोकलेली जाळी. आत नेहमीचा गुंगाट.

आणि मग तो गुंगाटही थांबतो. आतल्या सगळ्याजणी, एक ना दोन, असतील तिथं थांबल्यात. चालणारीनं पाय उचललाय तो तसाच. त्यांच्या घरातही कोणीतरी फुंकणी वर केलीय.

त्या शांततेत एक आवाज येतो.

तूंऽऽऽऽ. तूं, तूं, तूं.

लहानपणी पपईच्या देठाची पुंगी करायचो, तिच्या जातीचा, पण इतका बारीक की कानाला कळायच्या आधी दाताला कळावा. जन्माला येऊन अजून जिनं ऊन बघितलं नाही, अशी कोणीतरी अंधारात उभी राहून 'मी आहे' म्हणतेय. आणि तिचं म्हणणं संपतं न संपतं तोच खालून, मेणाच्या बंद कुपीतून, दुसरी एक उत्तर देते. क्रुक्, क्रुक्, क्रुक्. मीपण आहे. मीपण. अजून बाहेर आलेली नाही, पण आहे.

मी श्वास घेत नाही. माझ्या आयुष्यात मला बोलावं लागलं, ऐकून घ्यावं लागलं, मोठ्यानं वाचावं लागलं. एवढं मोठं घर एका एवढ्याशा आवाजासाठी गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. भिंतीच्या या अंगाला माणसं आणि त्या अंगाला माशा, आणि मध्ये हातभर माती. दोन्हीकडं एकच शांतता.

मास्तरांनी फळी बाजूला केलीय. कोनाड्यात मनगटापर्यंत हात घातलाय. माशा त्यांच्या बोटांवरून, नखांवरून, पांढऱ्या केसांवरून चालतायत, आणि मास्तर डोळे मिटून बसलेत.

"चावतील की हो," मी कुजबुजते.

"आता चावून काय करतील?" मास्तर कुजबुजतात. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "अगं, यांचे पाय किती हलके आहेत! हे कोणीच कसं लिहिलं नाही?"

"श्श," त्यांची आई म्हणते.

तूंऽऽऽऽ.

"हॅलो! हॅलो! आता येतंय का?"

डोळे उघडतात. ओसरी. वासे. जांभळीची सावली अंगणात जरा लांबलीय. पुस्तक पोटावर तसंच उपडं, पेन्सिल खाटेखाली घरंगळलेली. आतून यांचा आवाज. "हां, मग त्याला सांग, मी आलो की बोलतो!"

मी उठून बसते. झोपेत उठून कुठं गेले होते की काय, म्हणून पाय बघते. तळव्याला माती नाही. गाल हुळहुळतोय.

हे बाहेर येतात, माझ्याकडं बघतात आणि थबकतात. "काय गं? चाळणीवर झोपलीस काय?"

"का?"

"गाल बघ."

खुंटीला आरसा आहे. उजव्या गालावर, कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, बारीक बारीक चौकोन उठलेत. लालसर, रेखीव, एकसारखे. मी बोट फिरवते. बोटाला तारेची वीण लागते. खाटेकडं वळून बघते. गोधडी जुन्या लुगड्याची. उशी कापसाची.

"खाटेची सुतळी लागली असेल," हे म्हणतात.

"गोधडीतून?"

"मग कशाची?"

मी पुस्तक उचलते, ते पान काढते. सकाळी वाक्याच्या कडेला पेन्सिलीनं एक बारीक खूण केली होती, खोडायचं असं ठरवता ठरवता. ती थुंकी लावून बोटानं पुसते. पूर्ण जात नाही, कागद तेवढा जरा गुलाबी होतो. असू दे. हेमलतेला सांगेन, छापताना या वाक्यातला एक शब्दही हलवायचा नाही. काही पुरावा मागितला तर गाल दाखवेन. उद्यापर्यंत राहिला तर. नाही राहिला तर सांगेन, या एका वाक्यापुरतं तुझ्या बाबांचं घर बघून आलेय.

मग मी अंगणात उतरते. जांभळीखालची कडेची पेटी गेले काही दिवस फार भरलीय, दाराशी माशांची दाढी लोंबतेय. फुटायला आलीय. मी वरचं छप्पर अलगद काढून ठेवते. खाली जाळी. दर वर्षी मी इथंच कान लावते आणि गुंगाट ऐकते आणि मागं घरातून यांचा आवाज येत असतो, आणि त्या आवाजाचा या आवाजाशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही.

आतून पुन्हा, "हॅलो?"

"अहो," मी हाक मारते.

"काय?"

"फोन ठेवा. आणि जरा गप्प बसा."

"का? काय झालं?"

"पुस्तकात लिहिलंय."

हे दारात येतात. माझ्याकडं बघतात, गालाकडं बघतात, पेटीकडं बघतात. काय वाटतं कोण जाणे, पायरीवर बसतात आणि खरोखरच गप्प होतात.

मी खाली वाकते आणि दुसरा गाल टेकवते.